सांभाळूनरावांचा उशीर

त्यांचं खरं नाव वाहन परवान्यावर आहे आणि तिथे ते सुखाने पडून राहो. गावातली निम्मी माणसं त्यांना सांभाळूनराव म्हणून ओळखतात. उरलेली निम्मी ओळखत नाहीत, कारण त्यांनी अजून घर बदललेलं नाही.

पस्तीस वर्षं हा माणूस लोकांची बिऱ्हाडं इकडून तिकडे हलवत होता. आधी हमाल, मग मुकादम, मग स्वतः ट्रक चालवणारा मुकादम. या सगळ्या काळात कामावर असताना ते एकच शब्द बोलले: "सांभाळून!" पण तो शंभर चालींत. जिन्याच्या पहिल्या पायरीवरचं सांभाळून म्हणजे 'उचला'. वळणावरचं सांभाळून म्हणजे 'थांबा, भिंतीचा रंग निघेल'. आणि शेवटचा 'न' लांबवलेलं सांभाळून म्हणजे 'गेलं, फुटलं, आता मालकीणबाईंना कोण सांगणार'. हे शेवटचं सांभाळून त्यांच्या पस्तीस वर्षांत फक्त दोनदा ऐकू आलं, आणि दुसऱ्या वेळी चूक मांजराची होती.

देशातलं प्रत्येक मोठं गाव त्यांनी पाहिलं होतं. पाहिलं म्हणजे काय, त्याचे जिने पाहिले होते. कोणी सहज म्हणालं, "आम्ही सुट्टीत अमक्या गावाला जाऊन आलो, काय तिथला तलाव!" की सांभाळूनराव मान डोलवायचे. "हो हो. जिने गोल आहेत. तीन दारी कपाट वर जात नाही." तलाव असेलही. तलाव कोणी तिसऱ्या मजल्यावर न्यायला सांगितला नव्हता.

त्यांच्या बायकोचं नेमकं उलटं. ती रेल्वे स्टेशनात चौकशीच्या खिडकीत बसायची. देशाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणारी गाडी तिला तोंडपाठ: दोन हजार एकशे चाळीस किलोमीटर, एकोणसाठ थांबे, दोन ठिकाणी इंजिन बदलतं, सतराव्या थांब्यावर प्यायचं पाणी मिळत नाही. यातल्या अठ्ठावन्न थांब्यांवर तिने कधी पाय ठेवला नव्हता. एकोणसाठावा तिचाच होता. घरातसुद्धा तिचे दोन आवाज असत. एक नेहमीचा, आणि एक खिडकीतला. "जेवण आठ वाजून दहा मिनिटांनी मिळेल," असं खिडकीतल्या आवाजात ऐकू आलं, की सांभाळूनराव समजून जायचे, आज आपलं काहीतरी चुकलंय. काय, ते आठ दहापर्यंत आठवायचं.

आणि होती एक पलीकडची. ती लाइनीच्या दुसऱ्या टोकाच्या स्टेशनात, तिथल्या चौकशी खिडकीत बसायची. रोज सकाळी साडेसहाला दोघी एकमेकींना स्टेशनच्या फोनवरून विचारायच्या: गाडी वेळेवर निघाली का, किती उशिरा येतेय. हे विचारायला पंधरा सेकंद पुरतात. त्या अठ्ठावीस वर्षं रोज दहा मिनिटं बोलल्या. एकीचं बाळंतपण, दुसरीच्या सासऱ्यांचं आजारपण, करपलेली भाजी, न मिळालेली बढती, गुडघे, नणंदा, सगळं त्या तारेवरून गेलं. पलीकडचीचा नवरा वारला, तेव्हा इकडच्या खिडकीवर अर्धा तास 'बंद' अशी पाटी होती. एवढं सगळं होऊन दोघींनी एकमेकींना पाहिलेलं मात्र नव्हतं. एकीला रजा मिळाली की दुसरीला मिळायची नाही, आणि रजा मिळाली तर कोणीतरी आजारी पडायचं. नाव घेऊन त्या कधी बोलल्याच नाहीत. ही तिला पलीकडची म्हणे, ती हिला पलीकडची म्हणे, आणि दोघींनाही यात काही वावगं वाटत नसे.

दोघी निवृत्त झाल्या. मग सांभाळूनरावही झाले. त्यांनी एक जुनी कॅम्पर व्हॅन घेतली: आत पलंग, शेगडी, बशीएवढं बेसिन आणि वाकून उभं राहण्याइतकी उंची. "चल, तुला तुझे सगळे थांबे दाखवतो," ते म्हणाले. उन्हाळ्यात सावकाश जायचं ठरत होतं, तेवढ्यात पलीकडचीचा फोन आला. मुलगा तिला कायमचं आपल्याकडे नेत होता, समुद्रापलीकडच्या देशात. रविवारी सामानाचा ट्रक भरायचा, तो बंदरावर जाणार, आणि त्याच्या मागोमाग ती.

"म्हणजे आता नाही तर कधीच नाही," बायको म्हणाली.

"सोमवारी निघू. शनिवारी दुपारी दोनला तिच्या दारात," सांभाळूनराव म्हणाले. "शनिवारची दुपार, संध्याकाळ, रविवारची सकाळ. बोला पोटभर."

"नक्की ना?"

"अगं, पस्तीस वर्षांत माझं सामान एकदा तरी उशिरा पोचलंय का?"

हे खरं होतं. पण सामानाला घाई नसते, हे त्यांनी लक्षात घेतलं नव्हतं.

सोमवारी निघाले. सांभाळूनरावांचा वेग ताशी पंचेचाळीस. त्यांनी आयुष्यभर पाठीमागे दुसऱ्याचे आरसे, दुसऱ्याची काचेची कपाटं आणि एकदा तर दुसऱ्याचा मत्स्यालयाचा संसार वाहिला होता. उजव्या पायाला पंचेचाळीसच्या पुढे काय असतं याची कल्पनाच नव्हती. मागे वाहनांची वरात लागायची. मंगळवारी एका ट्रॅक्टरने त्यांना ओलांडलं. ट्रॅक्टरवाल्याने जाताना हात केला, तो आपुलकीचा होता की कसला, यावर नवराबायकोत पुढचे वीस किलोमीटर मतभेद झाले.

"अहो, मागे काय आहे?"

"कुठे मागे?"

"गाडीत. दोन गाद्या, एक शेगडी आणि मी चिरलेला कांदा. यातलं काय फुटणार आहे?"

"कप आहेत."

कप होते, हे मात्र खरं. दोनच होते. प्रत्येक चहानंतर सांभाळूनराव ते धुऊन, पुसून, वर्तमानपत्रात गुंडाळून, खोक्यात आडवे न ठेवता उभे ठेवून, खोक्याला दोरी मारत. त्यामुळे चहा पाच मिनिटांचा, कप सोडवायला दहा आणि बांधायला पंधरा. शिवाय दर तासाला गाडी कडेला घेऊन मागच्या दोऱ्या ओढून बघायच्या. बुधवारी दुपारी बायकोने निषेध म्हणून थेट पातेल्यातून चहा प्यायला. सांभाळूनरावांनी पातेलं गुंडाळलं.

पण ती रागावली नव्हती. ती थांबे बघत होती. प्रत्येक गावात स्टेशनपाशी गाडी उभी करायला लावायची, फलाटावर जायची आणि कमरेवर हात ठेवून पाहायची. "हे बत्तीस नंबर. मी म्हणायचे, गाडी जेवणासाठी वीस मिनिटं थांबते. कुठे जेवायची हो माणसं? इथे तर एक बाकडं आहे!" सतराव्या थांब्यावर तिने नळ सोडून पाहिला. पाणी आलं. ती पाच मिनिटं तशीच उभी राहिली. "अठ्ठावीस वर्षं मी लोकांना तहानलेलं ठेवलं," ती म्हणाली, आणि मग इतकी हसली की फलाटावरचा झाडूवाला झाडायचं थांबला. सांभाळूनरावांना वाटलं, या बाईला मी हे आधीच का दाखवलं नाही? मग ते गुपचूप मागे गेले आणि दोऱ्या ओढून आले.

शनिवारी सकाळी नव्वद किलोमीटर राहिले होते आणि पाच तास हातात होते. पंचेचाळीसच्या वेगानेही माणूस वाटेत डुलकी काढून पोचला असता. बायको मागे बेसिनवर केस धुवत होती. पलीकडचीला पहिल्यांदा भेटायचं तर केस धुतलेले हवेत. सांभाळूनराव शीळ घालत चालले होते. समोर रेल्वेचा पूल आला, पुलाखालून रस्ता, आणि पुलाआधी पाटी: उंची मर्यादा तीन मीटर वीस.

त्यांच्या हातांनी विचारलंसुद्धा नाही. इतकी वर्षं ते जो ट्रक चालवत होते त्याची उंची तीन मीटर ऐंशी. हात डावीकडे वळले, गाडी डावीकडे वळली, आणि शीळ अखंड चालू राहिली.

चाळीस मिनिटांनी बायको टॉवेलने केस पुसत पुढे आली. बाहेर डोंगर होता.

"इथे डोंगर कसा? आपली लाइन तर सपाटीवरून जाते."

"पूल होता. बुटका. आपली गाडी जात नाही त्याखालून."

बायकोने टॉवेल मांडीवर ठेवला. "आपली गाडी किती उंच आहे?"

"तीन ऐंशी."

"ही?"

सांभाळूनरावांनी गाडी थांबवली, खाली उतरले आणि बाजूला उभे राहिले. हात वर केला. टाचा किंचित उचलल्या तर बोटं टपाला लागत होती. ते तसेच हात वर करून उभे राहिले, शिक्षा झालेल्या पोरासारखे.

परत फिरायला हवं होतं, पण दैवाला अशा वेळी कामाचा उत्साह येतो. समोर वळणापलीकडे दरड कोसळली होती. मागे बघता बघता चाळीसेक गाड्या येऊन चिकटल्या. रस्ता एवढा अरुंद की गाडी सोडाच, माणसानेही वळताना 'सांभाळून' म्हणावं. पोलिसाने येऊन सांगितलं, उद्या सकाळी नऊच्या आत काही हलत नाही.

बायकोने फोन लावला. सांभाळूनराव अजून बाहेरच उभे होते, पण खिडकी उघडी होती.

"बोल गं. कुठवर आलीस?" पलीकडचीचा आवाज जाडाभरडा, मोकळा.

"उशीर होतोय."

"किती?"

"एकवीस तास."

मग सवयीने प्रश्न आला, "कारण?"

बायकोने खिडकीतून नवऱ्याकडे पाहिलं. त्याचा एक हात अजूनही टपावर होता.

"तांत्रिक," ती म्हणाली.

"बरं. लिहिते फळ्यावर." मग जरा वेळाने, "साडेअकरापर्यंत आहे मी. मुलगा घाई करतोय. ये गं."

फोन ठेवल्यावर सांभाळूनरावांना वाटत होतं, आता हिने चार शब्द सुनवावेत. चार काय, चाळीस सुनवावेत, डोंगरात वेळच वेळ होता. ती म्हणाली, "जेवण आठ वाजून दहा मिनिटांनी मिळेल." खिडकीतला आवाज. या वेळी काय चुकलं ते आठवायची गरज नव्हती.

रविवारी नऊ दहाला रस्ता सुटला आणि सांभाळूनरावांनी उजवा पाय खाली दाबला. पंचेचाळीस, साठ, ऐंशी. खोक्यातले कप किणकिण करू लागले. शेगडी खडखडली. दोरी सुटली, गादी घसरली, पातेलं दाराकडे फिरायला गेलं. एकदाही त्यांनी मागे पाहिलं नाही. बायको पट्टा धरून समोर बघत होती. एका वळणावर "सांभाळून" असं ऐकू आलं, पण ते ती म्हणाली होती.

सव्वाअकराला ते गल्लीत शिरले. घरासमोर ट्रक उभा, भरलेला, ताडपत्री अर्धी ओढलेली. दाराला कुलूप लावून पलीकडची पायरीवर उभी होती, हातात पर्स, पायात चालायचे बूट. मुलगा मोटारीचं दार उघडून मनगटावरचं घड्याळ बघत होता.

आवाजावरून बायकोने ही बाई ताडासारखी उंच धरली होती. होती ती दारातल्या छत्रीएवढी.

"तू एवढीशी?"

"आणि तू एवढी मोठी?"

दोघींनी एकमेकींचे हात धरले, आणि मग काहीच झालं नाही. तोंडं उघडली, मिटली. अठ्ठावीस वर्षं ज्या कधी गप्प बसल्या नव्हत्या, त्यांना समोरासमोर शब्द सुचेना. बोलताना समोर चेहरा असण्याची सवयच नव्हती. "प्रवास कसा झाला?" एकीने विचारलं. "चांगला झाला," दुसरी म्हणाली. अनोळखी माणसांसारखं. मुलगा म्हणाला, "आई, पाच मिनिटांत निघू."

पाच मिनिटं! यांना नुसतं सुरू व्हायलाच अर्धा तास लागणार, हे सांभाळूनरावांना दिसत होतं. आणि तो अर्धा तास, शिवाय अख्खी एक दुपार आणि संध्याकाळ, एका बुटक्या पुलापाशी त्यांनी स्वतःच्या हातांनी डावीकडे वळवली होती.

ते ट्रकपाशी गेले. मुकादम पन्नाशीचा, रुंद, कानामागे पेन्सिल खोचलेला.

"ट्रक चुकीचा भरलाय," सांभाळूनराव म्हणाले.

"कोण आपण?"

"पस्तीस वर्षं हेच केलंय."

"अस्सं? मग दाखवा चूक." मुकादमाने ताडपत्री वर केली.

सांभाळूनरावांनी आत पाहिलं आणि त्यांचा जीव हरखला. जड सामान पुढे, आरसे उभे, मध्ये घोंगड्या, कपाटांची दारं बांधलेली, खुर्च्या पायात पाय घालून निजलेल्या. काडी घालायला फट नाही. असा भरलेला ट्रक त्यांनी आयुष्यात तीनदा पाहिला होता, आणि त्यातले दोन त्यांचेच होते.

"ते... कपाट."

"काय झालं कपाटाला?"

"तोंड..."

"तोंड भिंतीकडे आहे. तसंच हवं."

"गाठी?"

"ओढून बघा."

ओढून बघितली. बघताना त्यांना स्वतःचीच लाज वाटली. चांगल्या कामाला नावं ठेवणं त्यांच्या धंद्यात पाप होतं, आणि पाप करायलाही जमत नव्हतं. त्यांनी मुकादमाचा दंड धरला आणि आवाज खाली आणला.

"चूक काही नाही हो. चूक माझी आहे. त्या दोघी अठ्ठावीस वर्षं फोनवर बोलतायत. आज पहिल्यांदा भेटल्या. कालच भेटायच्या होत्या, मी उशीर केला. ट्रक सुटला की संपलं."

मुकादमाने पायरीकडे पाहिलं. दोघी हात धरून, माना खाली घालून, एकमेकींच्या बुटांची चौकशी करत होत्या.

"बावीस वर्षांत माझा एक पेला फुटलेला नाही," तो म्हणाला. "आणि मी गिऱ्हाईकासमोर म्हणू, की मला ट्रक भरता येत नाही?"

"हो."

"बंदराचं फाटक चारला बंद होतं. रस्ता दीड तासाचा."

"म्हणजे दोनला निघालं तरी चालतं."

"उतरवणार कोण? माझी माणसं दमलीत."

"मी आहे ना."

"वय?"

"चौसष्ट."

"पाठ?"

"आहे."

मुकादमाने पेन्सिल कानामागून काढली, पाहिली, परत खोचली. मग गल्ली दणाणेल अशा आवाजात ओरडला, "उतरवा रे सगळं! कपाट उलटं लागलंय!"

मुलगा धावत आला. "अहो, आत्ताच तर म्हणालात, एक नंबर भरलाय!"

"म्हणालो होतो. माणूस अनुभवाने शहाणा होतो, साहेब. वळणावर कपाट आडवं झालं की तुमच्या आईचे आरसे गेलेच म्हणून समजा. सांगा, भरपाईच्या कागदावर सही करताय?"

मुलाने घड्याळ बघितलं, आईकडे बघितलं, कपाळावर हात मारला आणि मोटारीचं दार लावून घेतलं.

पहिल्यांदा सोफा उतरला. सांभाळूनरावांनी तो पदपथावर, झाडाच्या सावलीत, तोंड रस्त्याकडे करून ठेवला. "बसा की. उभं किती राहणार?" दोघी बसल्या, शेजारी शेजारी. आता समोर चेहरा नव्हता, रस्ता होता. बायको रस्त्याकडे बघत म्हणाली, "तुझ्या त्या नणंदेचं पुढे काय झालं?"

"कुठल्या? दात काढलेल्या की घर काढलेल्या?"

"घर काढलेल्या."

"अगं, तिने ना..." आणि तार जुळली.

मग सामान उतरत राहिलं आणि त्या बोलत राहिल्या. दोघींची नजर रस्त्यावर, आणि एक एक हात कानापाशी गेलेला, तिथे काही धरायला नसताना. मध्येच हसण्याचा असा स्फोट व्हायचा की समोरच्या घरातली खिडकी उघडायची. एकदा दोघींनी पर्समधला एकच रुमाल आळीपाळीने वापरला. सांभाळूनराव खुर्च्या काढत होते, पलंगाचे पाय काढत होते, आरसे काढत होते. कपाट चौघांनी बाहेर आणलं, गोल फिरवलं आणि जसं होतं तसंच आत नेऊन ठेवलं. मुकादम गाठी पुन्हा मारत पुटपुटला, "आधीची जास्त चांगली बसली होती."

"हो," सांभाळूनराव म्हणाले. "पण हीही वाईट नाही."

एकच्या सुमाराला त्यांना वाकता येईना. दीडला सरळ होता येईना. पावणेदोनला ते एक उशी उचलून तिच्याकडे पाहत उभे होते. मुकादम म्हणाला, "काका, आता बसा. एवढ्यावर मी पंधरा मिनिटं काढतो." आणि खरंच, तो पलंगाचे चार पाय ट्रकमध्ये ठेवायला सहा वेळा आत-बाहेर गेला.

दोनला दहा मिनिटं असताना सोफा उचलावा लागला. दोघी उठल्या, तेव्हा मात्र एकमेकींकडे नीट बघितलं, अगदी जवळून, आणि बराच वेळ. ट्रक गेला, मोटार गेली. वळेपर्यंत खिडकीतून बाहेर आलेला हात हलत होता.

सांभाळूनराव व्हॅनच्या पायरीवर बसले होते, म्हणजे जिथे बसले तिथेच अडकले होते. बायको येऊन शेजारी टेकली.

"ती म्हणाली, तुझा नवरा कामाला फार संथ आहे."

"तू काय म्हणालीस?"

"हो म्हणाले."

गल्लीत आता कोणी नव्हतं. पदपथावर सोफ्याच्या पायांचे चार ठसे उमटले होते.

"ते कपाट," ती म्हणाली, "आधी बरोबरच लागलं होतं ना?"

"छे. उलटं होतं."

"बाहेर काढताना तोंड भिंतीकडे होतं, आत ठेवतानाही भिंतीकडेच."

"तुला काय कळतं कपाटातलं?"

"काही नाही." तिने मलमाची डबी उघडली. "वळा तिकडे. सदरा वर करा. कुठे दुखतंय?"

"कुठे नाही ते विचार," सांभाळूनराव म्हणाले, आणि वळले.